पंचवीस मायक्रोलिटरचा हिशोब

मृग जवळ आला की नांदेड जिल्ह्यातल्या नायगाव, बिलोली, देगलूर या पट्ट्यातल्या कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी वाढते. कापसाचं पाकीट हातात घेतलेल्या शेतकऱ्याला एकाच गोष्टीची खात्री हवी असते: बियाणं अस्सल आहे ना? ही खात्री डोळ्यांनी करता येत नाही. बीटी सरकी आणि बिगर-बीटी सरकी दिसायला सारखीच. फरक असतो तो पेशीच्या आत, डीएनएमध्ये. बोंडअळीला मारक ठरणारं प्रथिन बनवणारा क्राय-१-एसी हा जनुक तिथे आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

भारतात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये क्राय-१-एसी आणि क्राय-२-एबी असे दोन जनुक असलेले वाण आले. पुढे तणनाशक सहन करणाऱ्या, पण परवानगी नसलेल्या एचटीबीटी कापसाचा प्रश्न उभा राहिला. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीर इथे शेतकरी संघटनेने तो उघडपणे पेरून आंदोलन केलं. बाजू कोणतीही घ्या, पाकिटात नेमका कोणता जनुक आहे हे सिद्ध करायची वेळ आली की प्रयोगशाळेचं दार ठोठावावंच लागतं. पानाचा तुकडा कुस्करून त्यात पट्टी बुडवली की काही मिनिटांत बीटी प्रथिन आहे की नाही ते कळतं. मात्र प्रथिनाऐवजी थेट जनुकच शोधायचा असेल, तर पीसीआर करावी लागते.

पीसीआर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे यंत्र येतं. यंत्राचं काम महत्त्वाचं आहेच, पण ते फक्त तापवतं आणि थंड करतं. निकाल खरा येणार की खोटा, याचा मोठा भाग यंत्राचं झाकण लावण्यापूर्वीच ठरून गेलेला असतो. ट्यूबमध्ये कोणतं रसायन किती मायक्रोलिटर घातलं, कोणत्या हिशोबाने घातलं आणि सगळ्या ट्यूबमध्ये ते सारखं पडलं का, यावर तो ठरतो. हा हिशोब सातवी-आठवीच्या गणितापलीकडचा नाही. तरीही तो समजून केला नाही तर लाखो रुपयांचं यंत्र चुकीचं उत्तर देतं. म्हणून तो नीट मांडून दाखवावा, असं मनापासून वाटतं.

ट्यूबमध्ये काय काय जातं

अमेरिकेतल्या सीटस कंपनीत काम करणाऱ्या कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये पीसीआरची कल्पना सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कल्पना अशी: डीएनएचे दोन धागे सुमारे ९५ अंश सेल्सिअसला सुटे करायचे, तापमान ५५-६० अंशांच्या आसपास आणून हव्या त्या जागी दोन छोटे तुकडे म्हणजे प्रायमर चिकटू द्यायचे आणि ७२ अंशांवर विकराकरवी पुढचा धागा विणून घ्यायचा. एका फेरीत एका प्रतीच्या दोन होतात. तीस फेऱ्या पूर्ण झाल्या की कागदावरच्या हिशोबाने एका प्रतीच्या सुमारे १०७ कोटी प्रती होतात. प्रत्यक्षात आकडा कमी भरतो, तरी शोधण्यापुरता पुष्कळ असतो.

सुरुवातीला वापरलेलं विकर दर फेरीत उकळून निकामी व्हायचं आणि प्रत्येक फेरीला नव्याने घालावं लागायचं. थर्मस अक्वॅटिकस या उष्ण झऱ्यातल्या जिवाणूचं टॅक पॉलिमरेज वापरात आलं आणि ही कटकट संपली. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या झऱ्यांमधून थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांनी हा जिवाणू शोधून १९६९ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं होतं.

साध्या पीसीआरच्या ट्यूबमध्ये सात गोष्टी जातात: पाणी, बफर, मॅग्नेशियम, डीएनटीपी, पुढचा आणि मागचा असे दोन प्रायमर, टॅक विकर आणि तपासायचा डीएनए. मॅग्नेशियम बहुतेक वेळा बफरमध्येच मिसळलेलं येतं. डीएनटीपी म्हणजे धागा विणायला लागणारे चार प्रकारचे सुटे घटक. सगळं मिळून आकारमान फक्त २५ मायक्रोलिटर. एक मायक्रोलिटर म्हणजे प्रत्येक बाजू एक मिलिमीटर असलेल्या घनाएवढी जागा. ड्रॉपरच्या एका थेंबात साधारण ५० मायक्रोलिटर बसतात, म्हणजे आपली सगळी अभिक्रिया अर्ध्या थेंबात होते.

फवारणीचंच गणित

प्रयोगशाळेत रसायनं दाट ठेवलेली असतात, कारण दाट द्रावण टिकतं आणि जागा कमी लागते. वापरताना ती पातळ करायची. हे गणित नायगावच्या शेतकऱ्याला नवं नाही. औषध लिटरला २ मिली सांगितलं असेल तर १५ लिटरच्या पंपाला ३० मिली, हा हिशोब तो बांधावर उभ्या उभ्या करतो. पीसीआरमध्ये पंप १५ लिटरऐवजी २५ मायक्रोलिटरचा असतो, एवढंच.

नियम एका ओळीत बसतो: मूळ द्रावणाची तीव्रता गुणिले घेतलेलं आकारमान, बरोबर हवी असलेली तीव्रता गुणिले एकूण आकारमान. बारावीच्या रसायनशास्त्रात टायट्रेशन करताना मुलं ‘एन-वन व्ही-वन बरोबर एन-टू व्ही-टू’ घोकतात, तेच हे. आपल्याकडे याला त्रैराशिक म्हणत आले. आर्यभटांनी ते मांडलं आणि भास्कराचार्यांच्या लीलावतीत त्याला स्वतंत्र जागा आहे. तीन गोष्टी ठाऊक असल्या की चौथी काढायची.

चुका गुणाकारात क्वचितच होतात. होतात त्या एककांत. मिलिमोलर आणि मायक्रोमोलर यांत हजारपटीचा फरक आहे. मूळ द्रावण मिलिमोलरमध्ये आणि हवी ती तीव्रता मायक्रोमोलरमध्ये लिहिलेली असेल, तर आधी दोन्ही एका एककात आणायच्या आणि मगच भागाकार करायचा. ‘टेन-एक्स’ बफर म्हणजे वापरायच्या तीव्रतेपेक्षा दहापट दाट, म्हणजे एकूण आकारमानाच्या दहाव्या भागाएवढं घ्यायचं. ‘टू-एक्स’ असेल तर निम्मं, ‘फोर-एक्स’ असेल तर पाव.

एका ट्यूबचा हिशोब

आता प्रत्यक्ष मांडू. एकूण आकारमान २५ मायक्रोलिटर.

बफर टेन-एक्स आहे, म्हणून २५ चा दहावा भाग: २.५ मायक्रोलिटर. त्यात मॅग्नेशियम क्लोराइड १५ मिलिमोलर असेल तर ट्यूबमध्ये ते १.५ मिलिमोलर होतं, आणि सुरुवातीला सहसा तेवढंच लागतं.

डीएनटीपीच्या मिश्रणात चारही घटक प्रत्येकी १० मिलिमोलर आहेत. ट्यूबमध्ये प्रत्येकी २०० मायक्रोमोलर, म्हणजे ०.२ मिलिमोलर हवेत. ०.२ ला २५ ने गुणून १० ने भागलं की ०.५ मायक्रोलिटर.

प्रायमरचं वापरायचं द्रावण १० मायक्रोमोलरचं, ट्यूबमध्ये हवेत ०.४ मायक्रोमोलर. ०.४ गुणिले २५ भागिले १०, म्हणजे १ मायक्रोलिटर. दुसऱ्या प्रायमरचंही तेवढंच.

टॅक विकर मायक्रोलिटरला ५ युनिट. एका ट्यूबला १ युनिट पुरतं, म्हणून ०.२ मायक्रोलिटर.

डीएनएची तीव्रता मायक्रोलिटरला २५ नॅनोग्रॅम करून घेतली आहे. ५० नॅनोग्रॅम हवा, म्हणून २ मायक्रोलिटर.

या सगळ्यांची बेरीज ७.२ होते. उरलेलं पाणी: २५ वजा ७.२, म्हणजे १७.८ मायक्रोलिटर. पाणी नेहमी सगळ्यात शेवटी काढायचं, कारण ते बाकीच्यांचं उरलंसुरलं भरून काढतं. ट्यूबमध्ये घालताना मात्र ते सगळ्यात आधी जातं.

इथे एक सापळा आहे. बाजारात डीएनटीपीचं मिश्रण दोन तऱ्हेने मिळतं: ‘प्रत्येकी १० मिलिमोलर’ आणि ‘एकूण १० मिलिमोलर’. दुसऱ्यात प्रत्येक घटक फक्त २.५ मिलिमोलर असतो. बाटली बदलली आणि लेबल वाचलं नाही, तर ०.५ मायक्रोलिटरने चौथा हिस्साच डीएनटीपी जातो. त्या बाटलीतून २ मायक्रोलिटर घ्यायला हवं आणि पाणी १७.८ वरून १६.३ वर आणायला हवं. एक आकडा बदलला की पाण्याचा आकडा बदलतोच, हे लक्षात ठेवलं की निम्म्या चुका टळतात.

डीएनटीपी आणि मॅग्नेशियम यांचं नातंही हिशोबात धरावं लागतं. डीएनटीपी मॅग्नेशियमला बांधून ठेवतात. आपल्या ट्यूबमध्ये चारही मिळून ०.८ मिलिमोलर डीएनटीपी आहेत आणि मॅग्नेशियम १.५ मिलिमोलर, म्हणून विकराला काम करायला काही शिल्लक उरतं. ‘जास्त घातलं तर जास्त चांगलं’ म्हणून डीएनटीपी दुप्पट केले, तर ते १.६ होतात आणि विकराच्या वाट्याला मोकळं मॅग्नेशियम जवळपास उरत नाही. अभिक्रिया तिथेच बसते.

तेवीस ट्यूब, पंचवीसचा हिशोब

समजा नायगाव परिसरातून कापसाचे २० नमुने आले. त्यांच्यासोबत नियंत्रणाच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, तीन ट्यूब आणखी लावायच्या: एकीत खात्रीच्या बीटी कापसाचा डीएनए, दुसरीत खात्रीच्या बिगर-बीटी कापसाचा आणि तिसरीत डीएनएच्या जागी नुसतं पाणी. झाल्या २३ ट्यूब. प्रत्येकीत सात वेळा पिपेट टेकवत बसलं तर १६१ वेळा द्रव घालावा लागेल, आणि त्यातली २३ वेळा ०.२ मायक्रोलिटर टॅक उचलावं लागेल. पिपेटच्या मर्यादा पाहिल्या की हे का करू नये ते उमगतं.

पिपेटच्या अचूकतेसाठी आयएसओ ८६५५ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार २ मायक्रोलिटर क्षमतेच्या पिपेटला ०.०८ मायक्रोलिटरपर्यंत चूक माफ असते. २ मायक्रोलिटर घेताना ही चूक ४ टक्के ठरते. तीच ०.०८ ची चूक ०.२ मायक्रोलिटर घेताना ४० टक्के ठरते. म्हणजे पिपेट मानकात बसत असूनही एका ट्यूबमध्ये टॅक सव्वापट आणि दुसरीत पाऊणपट, असा गोंधळ सहज होईल. मग नमुन्यांतला फरक खरा कोणता आणि हातातला कोणता, हे कोण सांगणार?

यावरचा उपाय म्हणजे मास्टर मिक्स. डीएनए सोडून सगळी रसायनं सगळ्या ट्यूबसाठी एकाच भांड्यात एकत्र करायची आणि मग सारखी वाटायची. वाटताना पिपेटच्या टिपला आणि भांड्याच्या कडेला थोडा द्रव चिकटून राहतो, म्हणून २३ ट्यूबसाठी नेमका २३ चा हिशोब केला तर शेवटच्या ट्यूबला कमी पडतं. किती जास्त धरायचं याचा एक चांगला दाखला अमेरिकेच्या रोग नियंत्रण संस्थेच्या, म्हणजे सीडीसीच्या, कोविड चाचणीच्या कार्यपद्धतीत होता: नियंत्रणं धरून १४ पर्यंत नमुने असतील तर एक जास्त, १५ किंवा त्याहून अधिक असतील तर दोन जास्त. आपल्या २३ ला दोन जोडले की २५.

आता प्रत्येक आकड्याला २५ ने गुणायचं. पाणी ४४५, बफर ६२.५, डीएनटीपी १२.५, दोन्ही प्रायमर २५-२५, टॅक ५ मायक्रोलिटर. बेरीज ५७५. हा आकडा बरोबर आहे का, ते लगेच पडताळता येतं: एका ट्यूबला मास्टर मिक्स २५ वजा २, म्हणजे २३ मायक्रोलिटर, आणि २३ गुणिले २५ म्हणजे ५७५. बेरीज आणि गुणाकार जुळले नाहीत तर पिपेटला हात लावायचा नाही. हा पडताळा मिनिटभराचा आहे आणि दिवसभराचं काम वाचवतो.

टॅक आता ०.२ ऐवजी एकदाच ५ मायक्रोलिटर घ्यायचं आहे. १० मायक्रोलिटरच्या पिपेटला माफ असलेली चूक ०.१२, म्हणजे इथे अडीच टक्क्यांच्या आत. शिवाय जी काही चूक होईल ती सगळ्या ट्यूबमध्ये सारखी जाईल आणि तुलना बिघडणार नाही.

मिसळण्याचीही पद्धत आहे. गोठवलेला बफर वितळला की क्षार तळाशी दाट आणि वर पातळ राहू शकतात, म्हणून तो आधी पूर्ण वितळवून नीट हलवायचा. टॅक निम्मं ग्लिसरॉल असलेल्या द्रावणात साठवलेलं असतं आणि ते टिपच्या बाहेरून चिकटतं. टिप खोल बुडवली तर ५ मायक्रोलिटरच्या नावाखाली त्याहून बरंच जास्त विकर जातं. टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवायचं, अंगठा हळूहळू सोडायचा आणि द्रव पूर्ण वर येईपर्यंत थांबायचं. विकर शेवटी घालायचं, हलक्या हाताने मिसळायचं आणि सगळं बर्फावर ठेवायचं. मराठवाड्याच्या मे महिन्यात पारा बेचाळिशीपार जातो. अशा दिवसांत टेबलावर उघडं ठेवलेलं मास्टर मिक्स तापतं आणि यंत्रात जाण्यापूर्वीच प्रायमर एकमेकांना चिकटून भलतेच तुकडे बनू लागतात. त्यासाठी गरम झाल्यावरच जागं होणारं ‘हॉट स्टार्ट’ विकर मिळतं, पण ते वापरलं तरी बर्फाची सवय सोडू नये.

प्रायमर आणि डीएनए

प्रायमर कंपनीकडून कोरड्या पावडरीच्या रूपात येतात. ट्यूबच्या लेबलवर नॅनोमोलचा आकडा असतो, समजा ३१.४. त्याला १० ने गुणायचं आणि तेवढे मायक्रोलिटर, म्हणजे ३१४, पाणी किंवा पातळ बफर घालायचा. १०० मायक्रोमोलरचं साठ्याचं द्रावण तयार होतं. त्यातलं १० मायक्रोलिटर घेऊन ९० मायक्रोलिटर पाणी घातलं की १० मायक्रोमोलरचं वापरायचं द्रावण. मागणी नोंदवताना दिलेला ‘२५ नॅनोमोल’ हा बनवण्याचा आकार असतो. प्रत्यक्ष हाती आलेलं प्रमाण लेबलवरचंच धरायचं. ट्यूब उघडण्यापूर्वी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घ्यायची, नाहीतर झाकणाला चिकटलेली पावडर उडून जाते आणि पुढचे सगळे हिशोब खोटे पडतात.

साठ्याचं द्रावण चुकून थेट वापरलं तर प्रायमर दहापट जातात. एका ट्यूबमध्ये ०.४ मायक्रोमोलरच्या हिशोबाने आधीच प्रत्येक प्रायमरचे सुमारे ६ लाख कोटी रेणू असतात. ते दहापट झाले की हवा तो तुकडा वाढण्याऐवजी प्रायमर एकमेकांवरच वाढतात.

डीएनएच्या बाबतीतही ‘जास्त म्हणजे चांगलं’ हा समज नडतो. ५० नॅनोग्रॅममध्ये कापसाच्या जीनोमच्या साधारण २० हजार प्रती असतात. जनुक शोधायला त्या भरपूर झाल्या. कापसाच्या पानात फिनॉलसारखी द्रव्यं आणि चिकट शर्करा फार असतात. डीएनए काढताना त्या नीट गेल्या नाहीत तर द्रावण तपकिरी दिसतं आणि विकर काम करत नाही. अशा वेळी डीएनए वाढवण्याऐवजी दहापट पातळ करून पाहावा. रोधक द्रव्यंही दहापट पातळ होतात आणि अनेकदा अडलेली अभिक्रिया सुटते.

डीएनए कोणत्या द्रावणात ठेवला आहे तेही बघावं लागतं. टीई बफरमध्ये सहसा १ मिलिमोलर ईडीटीए असतं आणि ते मॅग्नेशियम पकडून ठेवतं. २५ मायक्रोलिटरमध्ये असा डीएनए २ मायक्रोलिटर घातला तर ईडीटीए ०.०८ मिलिमोलर होतं, त्याने फारसं बिघडत नाही. डीएनए पातळ आहे म्हणून १० मायक्रोलिटर घातला तर ते ०.४ होतं आणि मॅग्नेशियमचा मोठा वाटा खाऊन टाकतं. हिशोबाच्या वहीत म्हणूनच ‘डीएनए: पाण्यात की टीईमध्ये’ असा रकाना असावा.

निकाल वाचताना

तीन नियंत्रणांच्या ट्यूब नुसत्या रीत म्हणून लावायच्या नसतात. बीटीच्या खात्रीच्या ट्यूबमध्ये पट्टा, म्हणजे जेलवर दिसणारी वाढलेल्या डीएनएची रेघ, आला नाही, तर हिशोबात किंवा रसायनात चूक आहे आणि बाकीच्या वीसही निकालांना अर्थ नाही. पाण्याच्या ट्यूबमध्ये पट्टा आला, तर कुठेतरी जुन्या प्रती मिसळल्या आहेत. आधीच्या कामातल्या कोट्यवधी प्रतींपैकी मोजक्या जरी पिपेटवर राहिल्या, तरी त्या पुन्हा कोट्यवधी होतात. म्हणून मास्टर मिक्स एका जागी, डीएनए घालणं दुसऱ्या जागी आणि तयार झालेला माल उघडणं तिसऱ्याच खोलीत करतात.

एखाद्या नमुन्यात क्राय-१-एसीचा पट्टा आला नाही, तरी लगेच ‘बियाणं बोगस’ असं म्हणता येत नाही. त्या नमुन्यातला डीएनएच खराब असेल तर? त्यासाठी कापसाच्या प्रत्येक झाडात असणारा एखादा जनुक, उदाहरणार्थ सॅड-१, स्वतंत्र अभिक्रियेत शोधतात. तो आला आणि क्राय-१-एसी आला नाही, तरच जनुक नाही असं म्हणायचं. आणखी एक गोष्ट: अळीमध्ये प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून बीटीच्या पाकिटातच काही बिगर-बीटी बियाणं मिसळून देण्याची पद्धत आता आहे. त्यामुळे एका पाकिटातली एक-दोन रोपं बिगर-बीटी निघणं हा फसवणुकीचा पुरावा ठरत नाही. पुरेशी रोपं एकेकटी तपासूनच मत द्यावं लागतं.

नांदेडने पाहिलेलं वर्ष

हा हिशोब किती मोलाचा आहे, हे २०२० ने सगळ्या मराठवाड्याला दाखवलं. नांदेडच्या विष्णुपुरीतलं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालं. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे त्याचं कार्यक्षेत्र. नायगावची विज्ञानाची मुलं पदवीनंतर बहुधा इथेच येतात. कोविडच्या काळात या विद्यापीठाच्या आवारात तपासणीची प्रयोगशाळा उभी राहिली आणि एरवी संशोधनासाठी गिरवलेलं आरटी-पीसीआरचं काम लोकांच्या जिवाशी जोडलं गेलं.

कोविडच्या चाचणीतही गणित हेच. सीडीसीच्या कार्यपद्धतीत एका ट्यूबला पाणी ८.५, प्रायमर-प्रोब मिश्रण १.५ आणि फोर-एक्स मिश्रण ५, असं १५ मायक्रोलिटर मास्टर मिक्स आणि त्यात रुग्णाच्या नमुन्यातला आरएनए ५ मायक्रोलिटर. एकूण २०, आणि २० चा पाव भाग म्हणजे ५, म्हणून फोर-एक्स मिश्रण ५. किट बदललं की हे आकडे बदलतात, तर्क बदलत नाही. त्याच सीडीसीने फेब्रुवारी २०२० मध्ये पाठवलेल्या पहिल्या किटमधला एक भाग अनेक प्रयोगशाळांत पाण्याच्या ट्यूबमध्येही संकेत देऊ लागला आणि अमेरिकेत तपासण्या काही आठवडे रखडल्या. पाण्याची ती एक ट्यूब लावली होती म्हणूनच दोष उघडा पडला.

एप्रिल २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने लागण कमी असलेल्या भागात जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र करून तपासायची मुभा दिली. पाचावरच का थांबायचं? हेही त्रैराशिकच आहे. पाचांपैकी एकच नमुना बाधित असेल तर त्याचा विषाणू पाचपट पातळ होतो. दर फेरीत दुप्पट होत असल्याने पाचपट भरून यायला सव्वादोन ते अडीच फेऱ्या जास्त लागतात. संकेत तेवढा उशिरा येतो. दहा नमुने एकत्र केले तर सव्वातीन फेऱ्या उशीर होतो आणि कमी विषाणू असलेला रुग्ण निसटण्याचा धोका वाढतो. नमुने एकत्र केल्याने किट वाचतात, पण लागण जास्त असेल तर जवळपास प्रत्येक गट बाधित निघून सगळे नमुने पुन्हा सुटे तपासावे लागतात. म्हणूनच मुख्यतः लागण २ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या भागात ही पद्धत वापरा, असं परिषदेने सांगितलं होतं.

लहान गावातूनही शिकता येतं

पीसीआरचं यंत्र महाग आहे, रसायनं महाग आहेत, त्यामुळे तालुक्याच्या महाविद्यालयात हा विषय फळ्यावरच संपतो. पण यातला सगळ्यात कसाचा भाग यंत्राशिवाय शिकवता येतो. पिपेट आणि चांगला तराजू असला की पुरे. १०० मायक्रोलिटर पाण्याचं वजन ०.१ ग्रॅम भरलं पाहिजे. एकाच विद्यार्थ्याने दहा वेळा घेतलं आणि आकडे जवळजवळ आले, तर हात स्थिर आहे. सगळे आकडे एकाच दिशेने सरकले असतील तर पिपेट दुरुस्तीला द्यायचं. खाण्याच्या रंगाचं पाणी वापरून मास्टर मिक्स बनवून २३ ट्यूबमध्ये वाटायला दिलं, तर कोणाची शेवटची ट्यूब अपुरी राहते हे वर्गातल्या सगळ्यांना दिसतं. अशा सरावावर खर्च जवळपास होत नाही, आणि पुढे लातूरच्या विलासराव देशमुख कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयात किंवा नांदेडच्या विद्यापीठात गेल्यावर ती मुलं पहिल्याच दिवशी इतरांच्या पुढे असतात.

आज संगणकावर ट्यूबची संख्या टाकली की सगळे आकडे समोर येतात. तयार टू-एक्स मिश्रणं मिळतात, त्यांत बफर, डीएनटीपी आणि विकर आधीच घातलेलं असतं. ती जरूर वापरावीत. पण ज्याने एकदाही हा तक्ता हाताने मांडलेला नाही, त्याला संगणकाचा आकडा चुकला तरी चुकला हे ओळखता येत नाही. प्रत्येक अहवालामागे कुणाचं तरी पीक किंवा कुणाचा तरी जीव असतो. तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला आणि शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला एवढंच सांगणं आहे: पिपेट हातात घेण्याआधी वही उघडा, एककं एकसारखी करा, दोन ट्यूब जास्त धरा, बेरीज पडताळा आणि पाण्याची ट्यूब कधीही गाळू नका.